तिसऱ्या खोक्यातला वर्ग

खोके आले तेव्हा गोगीची आई दारातच उभी होती, पाहुण्यांची वाट बघावी तशी. खरं तर पाहुण्यांपेक्षा खोके बरे. पाहुणे बोलून बोलून किती बोलतील? या खोक्यांत अख्ख्या वर्षाचं बोलणं भरलेलं होतं.

तीन खोके, तीन वेगवेगळ्या प्रकाशनांचे. वर लिहिलेलं मात्र सारखंच: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी, इयत्ता तिसरी, नमुना संच. महिनाभर वापरून पाहा, आवडेल तो ठेवा, उरलेले परत पाठवा. सामान आणणाऱ्या माणसानं सही घेता घेता विचारलं, "दुकान काढताय का, ताई?"

"नाही हो. शाळा."

त्यानं मान वाकडी करून आत पाहिलं. पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, मध्ये एक टेबल, दोन खुर्च्या. "किती मुलं आहेत शाळेत?"

"एक."

"मग बरंय," तो म्हणाला. "भांडणं नाहीत."

तो गेला, पण वाक्य मागे ठेवून गेला. गोगीच्या आईला ते दुपारपर्यंत पायात घोटाळणाऱ्या मांजरासारखं आडवं येत राहिलं.

गोगीचे बाबा पूल बांधायचे. पूल झाला की लोक त्याच्यावरून जायला लागतात आणि बांधणारे तिथून जायला लागतात, असा तो धंदा. कुठे वर्ष, कुठे दीड. साईटच्या कडेला खोल्यांची रांग असायची, तीत घर मांडायचं आणि उचलायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आई एकदा म्हणाली तर बाबांना राग आला होता. "लेकीला विंचू म्हणतेस? गोगलगाय म्हण. तिचंही घर पाठीवरच असतं, आणि ती कुणाला डसत नाही." तेव्हापासून मुलगी गोगलगाय झाली आणि हाक मारता मारता गोगी.

बालवाडीपासून गोगीच्या चार शाळा झाल्या. दर शाळेत तिचा आवाज थोडा थोडा कमी होत गेला, रेडिओची बॅटरी उतरत जावी तसा. चौथ्या शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी हजेरीलासुद्धा तोंड उघडत नाही. समोर ढळढळीत बसलेली असते. आता मी काय मांडायचं, सांगा? हजर की गैरहजर?"

आईनं त्याच दिवशी तिचं दप्तर उचललं आणि तिला घरी आणलं. घरीच शिकवीन म्हणाली.

हे सगळं मुलीसाठी, असं ती सर्वांना सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. अर्धंच खरं होतं, इतकंच.

कारण त्याआधीच्या सकाळी आठवल्या तरी तिला कसंतरी व्हायचं. नवरा साईटवर, मुलगी शाळेत, आणि ही दोन खोल्यांत. पहिल्या दोन-तीन पुलांवर तिनं शेजारणी केल्या होत्या. वाटीनं साखर गेली, मनानं मन गेलं. मग बदली. गळ्यात पडून रडणं, फोन करू हं, येऊ हं. फोन आधी रोज, मग रविवारी, मग वाढदिवसाला. पुढे तिनं ठरवून टाकलं, ओळख वाढवायची आणि तोडायची, त्यापेक्षा दुरून हसलेलं बरं. या साईटवर तर शेजारच्या क्रेनवाल्याच्या बायकोशी तिचं आजवरचं सगळं बोलणं "वाळले का कपडे?" आणि "वाळले" यात मावत होतं.

अशात गोगी घरी आली आणि आईचं घर भरलं. लग्नाआधी ती शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. हजारो पानं डोळ्यांखालून गेली होती, पण दुसऱ्याच्या मुलांची. आता ती स्वतःच पाठ तयार करायला लागली. नटबोल्ट मोजून बेरजा. बाबांच्या जुन्या नकाशांच्या पाठीवर नद्या. एकाच आडव्या रेघेवर मुंगीपासून हत्तीपर्यंतचे पाय. गोगी तिच्याशी भडाभडा बोलायची, प्रश्नावर प्रश्न विचारायची, खुर्चीवर उकिडवी बसून हसायची. त्या वर्षी आईला घड्याळाकडे एकदाही बघावंसं वाटलं नाही.

मग भागाकार आला, आणि पाठोपाठ अपूर्णांक.

"तुझा भूगोल फक्कड आहे," बाबा एका रविवारी गोगीची वही चाळत म्हणाले. "पण हे काय? आठातले तीन तुकडे खाल्ले तर उरले साडेचार?"

"एक अर्धवट खाल्लेला असेल," आई म्हणाली.

"अगं, वर्षअखेरी बाहेरून परीक्षा द्यायचीय तिला. अंदाजपंचे चालायचं नाही. तयार अभ्यासक्रम मिळतात हल्ली, घरी शिकवणाऱ्यांसाठी. मागव की. तुझाही भार हलका होईल."

भार! तो काढून घेऊ नका म्हणून सांगायचं कसं, हे तिला सुचेना. मग तिनं खोके मागवले. निदान निवडायचा आपण.

पहिल्या खोक्यातलं शिक्षकांचं पुस्तक उशीएवढं जाड होतं. त्यात सगळं लिहून दिलेलं. 'शिक्षकाने म्हणावे: आज आपण काय शिकणार आहोत बरे?' 'विद्यार्थी म्हणेल: अपूर्णांक!' 'शिक्षकाने स्मित करावे.'

आईनं दोन दिवस प्रामाणिकपणे म्हटलं आणि स्मितही केलं. तिसऱ्या दिवशी गोगी म्हणाली, "आई, तू अशी का हसतेस? दात दुखतोय का?"

"पुस्तकात लिहिलंय हसायला."

"आणि मी काय म्हणायचंय?"

"तू म्हणायचंस, 'होय, मला समजले!'"

"पण मला नाही समजलं."

"त्याची सोय पुढच्या पानावर असेल," आई म्हणाली. दोघींनी पान उलटून पाहिलं. सोय नव्हती. दोघी इतक्या हसल्या की पुस्तक टेबलाखाली गेलं. पहिला खोका तिथंच निकालात निघाला.

दुसरा खोका उघडला आणि आईचा जीव त्यात अडकला. जाड, किंचित पिवळसर कागद, मोठा टाईप. छापखान्याची जुनी खोड म्हणून तिनं चुका शोधल्या, तर शंभर पानांत एक अनुस्वार तेवढा उडालेला. प्रत्येक पाठाची सुरुवात एका गोष्टीनं. गोष्ट मोठ्यानं वाचायची, मग शेजारी शेजारी बसून चित्र काढायचं, मग बाहेर जाऊन एखादी गोष्ट नीट बघून यायची, अळी म्हणा, सावली म्हणा. अपूर्णांकसुद्धा गोष्टीतून. सगळीकडे 'दोघींनी मिळून', 'तुम्ही आणि तुमचं मूल'. हे पुस्तक तिलाच डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी लिहिलंय असं तिला वाटलं. मनातल्या मनात तिनं पैसे भरूनही टाकले.

तिसऱ्या खोक्यात पुस्तकं कमी आणि एक पेनड्राईव्ह. त्यात कुठल्याशा खऱ्याखुऱ्या शाळेच्या खऱ्याखुऱ्या वर्गाचं वर्षभराचं चित्रण. एक बाई, चष्मा दोरीला अडकवलेल्या, फळ्यापुढे उभ्या. पुढ्यात बाकांवर मुलं. घरच्या मुलानं कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि त्या वर्गाबरोबर शिकायचं. आईनं दोन मिनिटं पाहिलं. रंग विटलेले, आवाजात खरखर.

"हा तर शिळा डबा," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

त्यानंतरच्या आठवड्यात तिचं अंग मोडून आलं. कणकण वाढून चांगला ताप भरला. मान उचलवेना. "गोगी, आजच्या दिवस तुझं तू कर काहीतरी," म्हणून ती आतल्या खोलीत पडली. डोळा लागला, उघडला, परत लागला. बाहेरून खरखरता आवाज येत होता. बाई आकडे पुकारत होत्या. एक, दोन, तीन. आणि एकेक पोरगं ओरडत होतं, हजर, हजर.

"चोवीस."

"हजर."

"पंचवीस."

"हजर, बाई!"

आणि मग, जराही न अडखळता, खणखणीत: "सव्वीस हजर!"

आई तापातच उठून बसली. तो आवाज गोगीचा होता. चार शाळांनी मिळून जो निघाला नाही, तो.

ती भिंत धरून दारापर्यंत आली. गोगी कॉम्प्युटरपुढे ताठ बसली होती. केस पाण्यानं चप्प बसवलेले, टेबलावर पेन्सिल, रबर आणि पट्टी ओळीनं मांडलेली. बाईंनी काहीतरी विचारलं, मुलांनी हात वर केले, गोगीनंही केला. बाईंनी दुसऱ्याच कुणाला उठवलं. गोगीनं हात खाली घेतला, शहाण्या मुलासारखा, आता माझी पाळी नाही अशा समजुतीनं.

आई परत जाऊन पडली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तापामुळे कळला नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

ताप उतरला, पण घरात पंचवीस पोरं शिरली ती शिरलीच. जेवताना गोगीच्या तोंडी तेच. तिनं सगळ्यांना नावं पाडली होती. "आज शिंकऱ्या फळ्याशी गेला आणि तिथंच शिंकला. खडूची भुकटी उडाली! बाईसुद्धा हसल्या." "लांबुडका मागच्या बाकावर बसून चित्रं काढत होता, पकडला." सगळ्यांत लाडकी होती दुसऱ्या बाकावरची दोन वेण्या. ती उत्तर द्यायच्या आधी डावी वेणी चावायची. गोगीचे केस कानापर्यंतच, तर ती पेन्सिल चावायला लागली.

"हे सगळे कोण?" बाबांनी विचारलं.

"माझा वर्ग," गोगी म्हणाली. बाबा घास थांबवून आईकडे बघायला लागले. आई ताटाकडे.

आईनं मग डाव टाकला. दुसऱ्या खोक्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट काढली, एका पाणचक्कीची, आणि आवाज बदलून बदलून वाचली. म्हाताऱ्याचा घोगरा, पिठाच्या पोत्याचा जाड, उंदराचा किनरा. उंदीर तर तिला इतका साधला की तिचं तिलाच कौतुक वाटलं. गोगीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान वाचतेस गं तू, आई."

ते आईला झोंबलं. पाहुण्यांच्या घरी न आवडलेलं खाऊन 'छान झालंय' म्हणतात ना, तो सूर होता.

"मग आवडली ना?"

"आवडली की. पण..." गोगीनं पेन्सिल चावली. "हसायच्या जागी मी एकटीच हसते."

"मी हसते की."

"तुला आधीच माहीत असतं. ते हसणं वेगळं."

 आई उठून उगाचच पुसलेला ओटा पुसायला गेली.

अशातच एका सकाळी गोगी रडकुंडीला येऊन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आली. "दोन वेण्या आली नाही आज. तिचा नंबर घेतला तर कुणी बोललंच नाही. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. असं कसं? बघायला नको, का नाही आली?"

"अगं, येईल उद्या."

"मी उद्याचा पाठ पुढे ढकलून बघितला. त्यातही नाही."

"आणखी पुढचा बघ मग."

"असं पुढचं पुढचं बघायचं नसतं. आज बघितला तेच चुकलं." गोगी नियमाची पक्की. "तू विचार ना कुणाला तरी. आजारी असेल तर?"

आता असल्या गोष्टीसाठी कुणी फोन करतं का? पण खोक्यावर मदतीचा नंबर होता, आणि सकाळ लांबच लांब होती. आई फोन घेऊन बाहेर पायरीवर गेली.

"नमस्कार, बोला, काय मदत करू?" पलीकडची बाई तरुण वाटत होती.

"ते... बारावा पाठ आहे ना, गणिताचा."

"चालत नाहीये का? एकदा बंद करून परत चालू करा बरं."

"चालतोय. छान चालतोय. पण त्यात ती मुलगी नाहीये."

 "दोन वेण्यांवाली ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो ताई, दर आठवड्याला तिच्यासाठी फोन असतो. येते हो ती. चौदाव्यात येते परत. सांगा मुलीला, काळजी करू नको म्हणावं."

"झालं काय होतं तिला?"

"ते मला काय माहीत? मी तेव्हा स्वतःच तिसरीत होते." मदतवाली हसली. "आम्ही आपलं सांगतो, ताप आला होता. एका मुलानं तर विचारलं, औषध कडू होतं का म्हणून. मी म्हटलं, गोड होतं."

"म्हणजे ही मुलं..."

"बापे नि बायका झाली असतील आता. पण अभ्यासक्रम दरवर्षी सुधारून घेतो हं आम्ही," ती घाईनं म्हणाली. "नवे पाठ जोडलेत मागे. आणखी काही मदत हवी होती का?"

काही नको होतं. पण सकाळी घरात कुणी मोठ्या माणसानं आपल्याला काही विचारलं, हे किती दिवसांनी झालं होतं! आईच्या तोंडून भलतंच निघालं, "तिकडे ऊन पडलंय का?"

"आमच्याकडे खिडकी नाही हो, ताई," मदतवाली म्हणाली. तिनंही लगेच फोन ठेवला नाही.  मग तिच्याकडे दुसरी घंटी वाजली.

संध्याकाळी आई गोगीची नखं कापायला बसली. नखं कापताना पोर हातातून सुटत नाही.

"दोन वेण्या चौदाव्या पाठात येणार आहे. मी विचारलं."

"खरंच?" गोगीचं तोंड एवढंसं होतं ते केवढं झालं.

इथं थांबायचं होतं. आईला कळत होतं की इथंच थांबायचं. पण समोर दुसरा खोका उघडा पडला होता, पाणचक्कीचं पान तसंच वर, आणि गेले कितीतरी दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता.

"आणि ऐक," ती नखाकडे बघत म्हणाली. "ती मुलं आता लहान नाहीत. ते चित्रण फार जुनं आहे. ती सगळी केव्हाच मोठी झाली. तू हजर म्हणतेस ना, ते तिथे कुणालाही ऐकू जात नाही."

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. ते तिनं बोलून टाकलं.

गोगीनं हात ओढून घेतला नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फळ्यावर रोज तारीख असते ना. मी वजाबाकी केली, हातचे घेऊन. दोन वेण्या आता बाबांच्या ऑफिसातल्या त्या मॅडमएवढी असेल. वेण्या घालत नसेल. शिंकऱ्याला मिशासुद्धा असतील."

आईच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं. "मग हजर कशाला म्हणतेस?"

"बाई हजेरी घेतात. मग काय म्हणू?" गोगीला प्रश्नच कळला नाही. मग तिला वाटलं असावं, आईला नीट समजावून सांगायला हवं. अपूर्णांकासारखं. "हे बघ, आई. बाबांचा हा पूल होणार. मग आपण जाणार. होय ना? मग तिकडे शाळेत गेले तर सगळी नवी मुलं, त्यांची आधीच मैत्री झालेली. आणि मैत्री झाली की परत जायचं. या वर्गाचं तसं नाही. आपण कुठंही गेलो तरी लांबुडका मागच्याच बाकावर असणार. शिंकऱ्या त्याच पाठात शिंकणार. ती मुलं कुठे जात नाहीत. आणि आपल्यालाही त्यांना सोडून जावं लागत नाही."

पत्र्यावरून कसलासा पक्षी टकटक चालत गेला. आईनं पडलेली नखं चिमटीनं गोळा केली. आपण दुरून हसायचं ठरवलं, ते ही पोरगी आपल्याकडूनच शिकली की काय? पाठ तर कधी घेतला नव्हता.

"दुसरा हात दे," ती म्हणाली. आणि फार जपून, जिव्हारी लागणार नाही अशी, उरलेली नखं कापली.

रात्री बाबांनी जेवता जेवता विचारलं, "ठरलं का मग? कुठला ठेवायचा?"

"तिसरा."

"तिसरा? तू तर त्याला शिळा डबा म्हणत होतीस. आणि दुसरा एवढा आवडला होता."

"मला कुठे शिकायचंय? तिला शिकायचंय."

"तेही खरं." बाबांनी पाठ टेकली. दिवसभर लोखंडाच्या आवाजात राहून त्यांना घरात सगळंच शांत वाटायचं. "चला, तेवढाच तुला आराम."

"हो ना," आई म्हणाली आणि ताटं उचलली.

खोके परत पाठवायचे त्या दिवशी तिनं पहिला झटक्यात बांधला. दुसरा बांधायला तिला दुपार लागली. पुस्तकं आत ठेवायची, एक बाहेर काढायची, थोडं वाचायचं. शेवटची गोष्ट तिनं वाचलीच नव्हती. ती मोठ्यानं वाचायची, असं वर लिहिलं होतं. ती मनातल्या मनात वाचली. एका ठिकाणी हसू आलं, पण तेही तिनं आतच ठेवलं. मग तो उडालेला अनुस्वार पेन्सिलीनं हळूच लावला, म्हणजे पुढच्या बाईला अडायला नको, आणि चिकटपट्टी ओढली. सामानवाला आला तेव्हा म्हणाला, "शाळा बंद केली काय, ताई?"

"नाही. बाई बदलल्या," ती म्हणाली.

सोमवारपासून रीतसर सुरुवात करायची ठरली. आईनं टेबल खिडकीशी ओढलं, कॉम्प्युटर पुसला, वह्यांना कव्हरं घातली. शिक्षकांच्या पुस्तकात तिच्यासाठी एकच पान होतं: पालकांनी उत्तरपत्रिका आठवड्यातून एकदा तपासाव्यात. ते तिचं केव्हाच पाठ झालं होतं. तिनं आपली खुर्ची गोगीच्या खुर्चीशेजारी लावली आणि मांडीवर हात ठेवून बसली. निदान बघता तरी येईल. निदान अपूर्णांक तरी कळतील.

बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. गोगीनं चित्र थांबवलं. बाई खडूसकट तशाच राहिल्या.

"आई."

"काय गं?"

"तू... तू बाहेर बसशील का?" गोगी कानापर्यंत लाल झाली होती. "म्हणजे तुला बसायचं असेल तर बस. पण वर्गात कुणाची आई नसते."

"हो की," आई म्हणाली. "बरोबर आहे. विसरलेच मी." आणि हसली, अगदी पुस्तकात लिहिलं असावं तशी. खुर्ची उचलून तिनं भिंतीला लावली.

आतल्या खोलीत गेली तर सगळं ऐकू येत होतं. खोल्यांची भिंत ती काय, पत्रा आणि पातळ फळी. बाईंनी काहीतरी विचारलं. गोगीनं उत्तर दिलं, बरोबर दिलं. बाई म्हणाल्या, शाब्बास, पण दुसऱ्याच कुणाला तरी. आईच्या घशाशी आलेलं शाब्बास तिनं गिळलं. ऐकत बसणं म्हणजे वर्गाच्या दाराला कान लावणं. पोरीनं सांगितलं नव्हतं, पण तेही बसत नाही नियमात.

शाळेच्या फाटकाशी पोरं सोडून बायका काय करतात? ती आठवू लागली. चार शाळांची चार फाटकं तिनं पाहिली होती. घोळक्यानं थोडं बोलतात, मग एकेक करून घरी जातात. हिचं घर तर वर्गाच्या आतच राहिलेलं. मग तिनं चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि चालायला लागली. शाळेतून घरी जायला निघावं तशी, फक्त घर सोडून दुसरीकडे.

खोल्यांच्या रांगेच्या टोकाला क्रेनवाल्याची बायको कपडे झटकत होती. "आज एकट्याच?" तिनं विचारलं. तिच्या तोंडून 'वाळले का' सोडून निघालेला हा पहिलाच प्रश्न. "लेक कुठे?"

"शाळेत," गोगीची आई म्हणाली.

"अगंबाई, कधी घातलीत? कुठल्या?"

"इथलीच आहे. जवळच."

"बरं झालं हो. लहान मुलांना सोबत लागते." तिनं चादरीचं एक टोक दोरीवर टाकलं, दुसरं वाऱ्यानं ओढून नेलं. गोगीच्या आईनं ते पकडून दिलं. दोघी चादरीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, एकमेकींना न दिसणाऱ्या. काहीतरी बोलायची वेळ होती ती. पण काय बोलतात सुरुवातीला, ते तिला आठवेना. "येते," ती म्हणाली. "या," चादर म्हणाली.

ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, ते बघितलं. खडीचा ढीग, त्याच्यावर बसून डबा खाणारा एक पहारेकरी, एक उलटं पडलेलं घमेलं. मग परत फिरली, कारण मधल्या सुट्टीला पोर भुकेजते. दारापाशी आली तर आत अजून बाईंचा आवाज चालू. तिनं कडीला हात लावला नाही. आपल्याच दाराबाहेर, इतर आया उभ्या राहतात तशी, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत ती उभी राहिली.

शेवटी आतला आवाज थांबला. दार उघडलं. गोगी बाहेर आली, गाल तापलेले, बोटांना शाई, केस विस्कटलेले. शाळेतून पोरं बाहेर येतात तशीच. तिची नजर आईवर पडली, पण मन अजून आतच कुठेतरी होतं, कुणाच्यातरी विनोदावर हसत.

मागच्या वर्षभरात जो प्रश्न आईला कधी विचारावा लागला नव्हता, कारण उत्तर तिनंच आदल्या दिवशी तयार केलेलं असायचं, तो तिनं आता विचारला.

"काय शिकवलं आज?"

"काही नाही," गोगी म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली.